युवा वाद्यवृंदात नवे कंडक्टर येतात तेव्हा : समितीने, पालकांनी आणि वादकांनी करावयाची तयारी

व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंदात कंडक्टर, म्हणजे हाताच्या खुणांनी सर्वांना एकत्र वाजवून घेणारे संचालक, येतात आणि जातात, वादक मात्र वीस-वीस वर्षे त्याच खुर्चीवर बसलेले असतात. नव्या माणसाची पद्धत ओळखून तिच्याशी जुळवून घेणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. युवा वाद्यवृंदात हे गणित नेमके उलटे असते. मुले तेराव्या-चौदाव्या वर्षी येतात आणि बारावी किंवा पदवी झाली की शिक्षणासाठी, नोकरीसाठी निघून जातात; कंडक्टर मात्र कित्येकदा मुलांच्या दोन-तीन पिढ्या वाजवून जाईपर्यंत तेच राहतात. मुलांच्या दृष्टीने ते कंडक्टर म्हणजेच तो वाद्यवृंद असतो, आणि बदल पचवण्याचा अनुभव तेथे बसलेल्या एकाही वादकाजवळ नसतो. तो अनुभव समितीला, एकेका वाद्यगटाला शिकवणाऱ्या विभागशिक्षकांना आणि पालकांना पुरवावा लागतो.

याचे ठळक उदाहरण एका मुंबईकराचेच आहे. १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे व्हायोलिनवादक मेहली मेहता पुढे मँचेस्टर आणि फिलाडेल्फिया असा प्रवास करत लॉस एंजेलिसला पोहोचले आणि १९६४ मध्ये त्यांनी तेथे अमेरिकन यूथ सिम्फनीची स्थापना केली. तेहतीस वर्षे त्यांनी तो वाद्यवृंद सांभाळला. १९९८ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी ती जबाबदारी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या व्यावसायिक वाद्यवृंदाचे कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनचे प्रमुख) अलेक्झांडर ट्रेगर यांच्याकडे सोपवली आणि २०१६ मध्ये ती व्हेनेझुएलाचे कार्लोस इझकाराय यांच्याकडे गेली. २०२४ मध्ये हा वाद्यवृंद बंद झाला. म्हणजे साठ वर्षांत संगीत संचालक जेमतेम तीन. १९९८ साली तेथे बसलेल्या कोणत्याही तरुणाच्या जन्माआधीपासून मेहताच तेथे उभे होते.

आपल्याकडे मुंबई, पुणे, पणजी-मडगाव या पट्ट्यात जे युवा वाद्यवृंद आहेत, ते बहुधा तीस-चाळीस मुलांचे, तंतुवाद्यांवर भिस्त असलेले आणि रविवारी सकाळी तालीम करणारे असतात. पुढील सूचना अशा वाद्यवृंदांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. निवड कशी करावी हा वेगळा विषय आहे. निवड झाली आहे असे येथे गृहीत धरले आहे.

नेमणुकीपासून पहिल्या तालमीपर्यंत

नव्या कंडक्टरांचे स्वागत करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्यांना वाद्यवृंदाची खरी माहिती वेळेवर देणे. पहिल्या तालमीच्या किमान सहा आठवडे आधी त्यांच्या हाती एक टिपण असावे. त्यात प्रत्येक वादकाचे वय, वाद्य, तो किती वर्षे शिकतो आहे, सध्या कोणाकडे शिकतो आणि ट्रिनिटी किंवा रॉयल स्कूल्स या ब्रिटिश संस्थांची कितव्या श्रेणीची संगीत परीक्षा झाली आहे, एवढे तरी नोंदवलेले असावे. परीक्षेची श्रेणी हा वादनक्षमतेचा पूर्ण पुरावा नव्हे, कारण आठवी श्रेणी उत्तीर्ण झालेला मुलगा शेजाऱ्याबरोबर एका लयीत वाजवू शकत नाही आणि चौथ्या श्रेणीतली मुलगी साऱ्या विभागाला सावरून धरते, असे सर्रास घडते; म्हणून विभागशिक्षकाचा एक-दोन वाक्यांचा अभिप्राय सोबत जोडावा.

कोणती वाद्ये आहेत यापेक्षा कोणती नाहीत हे आधी सांगावे. ओबो, बासून आणि फ्रेंच हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्ये वाजवणारी मुले आपल्याकडे दुर्मीळ आहेत, आणि व्हायोलाच्या रांगेत पुष्कळदा व्हायोलिनवरून वळवलेली मुले बसलेली असतात. ओबोची ओळ आजवर क्लॅरिनेटवर वाजत होती की कीबोर्डवर, दुसऱ्या हॉर्नची जागा रिकामी राहत होती की बाहेरून व्यावसायिक वादक बोलावला जात होता, हे नव्या कंडक्टरांना कार्यक्रम ठरवण्याआधी कळले पाहिजे. नाही तर ते उत्साहाने अशी कृती निवडतील की जिच्यातील मुख्य धून वाजवणारे कोणी खोलीतच नसेल.

ध्वनिमुद्रण पाठवताना वार्षिक कार्यक्रमातील सर्वोत्तम तुकडा पाठवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरावा आणि एखाद्या साध्या रविवारच्या तालमीचे अर्ध्या तासाचे मुद्रण पाठवावे. स्वर कोठे घसरतो, लय कोठे पळते, मुले किती बोलतात, थांबल्यावर पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे सारे त्यातून कळते. जाणकार माणूस असे मुद्रण ऐकून निम्मी तयारी घरीच करून येतो.

वार्षिक वेळापत्रक हा मुद्दा परदेशातून किंवा दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या कंडक्टरांना हमखास नवा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीच्या आणि दहावीच्या परीक्षा असतात, आणि त्या मुलांची उपस्थिती डिसेंबरपासूनच गळू लागते. दुसऱ्या व्हायोलिनची म्होरकी बारावीला असेल तर ती मार्चच्या कार्यक्रमात नाही, हे जूनमध्येच धरून चालावे. गणपतीचे दहा दिवस, दिवाळीची सुट्टी, गोव्यात नाताळातली चर्चची गायनवादनाची जबाबदारी, आणि संगीत परीक्षांची सत्रे, ही सगळी एका पानावर मांडून द्यावीत. नवे कंडक्टर परदेशी नागरिक असतील आणि मानधन घेणार असतील, तर पर्यटक व्हिसावर असे काम करता येत नाही, याची समितीने वेळीच दखल घ्यावी.

आता नोटेशनच्या, म्हणजे लिहिलेल्या संगीताच्या, कपाटाकडे वळू, कारण पहिल्या तालमीचा सर्वाधिक वेळ येथेच वाया जातो. बहुतेक युवा वाद्यवृंदांकडे पार्ट (एकेका वाद्यापुरते लिहिलेले कागद) तीन-चार ठिकाणांहून जमलेले असतात : काही विकत घेतलेले, काही जुन्या सदस्यांनी दिलेले, काही इंटरनेटवरून उतरवलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या छपाईच्या प्रती. जुन्या छपाईत बारांना, म्हणजे उभ्या रेघांमधील तालाच्या घरांना, क्रमांक नसतात. नव्या आवृत्तीत असतात. कंडक्टर त्यांच्या स्कोअरमधून (सर्व वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या प्रतीतून) म्हणतात, ‘एकशे बाराव्या बारापासून,’ आणि तीस मुले पेन्सिलीचे टोक कागदावर टेकवून पहिल्यापासून मोजू लागतात. प्रत्येकाचा हिशेब निराळा निघतो. सुरुवातीचा अपुरा बार मोजायचा नसतो हे अर्ध्या मुलांना ठाऊक नसते. पुनरावृत्तीचा पहिला शेवट आणि दुसरा शेवट एकाच क्रमांकात धरायचा की वेगवेगळ्या, हे तर आवृत्तीगणिक बदलते. शिवाय व्हायोलाच्या पार्टमध्ये अकरा बारांच्या सलग विश्रांतीवर एकच जाड आडवी रेघ आणि वर ‘११’ असते, ती एखाद्याने एकच बार धरलेली असते.

यावर उपाय साधा आहे. नवे कंडक्टर कोणत्या आवृत्तीचा स्कोअर वापरणार आहेत हे विचारून घ्यावे, शक्य असल्यास त्याच आवृत्तीचे पार्ट घ्यावेत, आणि ते परवडत नसेल तर एका संध्याकाळी विभागप्रमुख मुलांना एकत्र बसवून स्कोअरवरून प्रत्येक पार्टच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी बाराचा क्रमांक लिहून काढावा. स्कोअरमध्ये ए, बी, सी अशी अक्षरे असतील तर तीही उतरवावीत. मग त्या प्रतींवरून इतरांसाठी झेरॉक्स काढाव्यात. संगीतकारांचा स्वामित्वहक्क भारतात त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि नव्या संस्करणाचा किंवा रूपांतराचा हक्क वेगळा असतो, त्यामुळे आधुनिक कृतींच्या बाबतीत झेरॉक्सचा मार्ग धरू नये. अशा कृतींचे पार्ट बहुधा प्रकाशकाकडून भाड्याने घ्यावे लागतात आणि ते यायला वेळ लागतो.

गजाच्या दिशेचाही प्रश्न आधीच सोडवावा. पहिल्या व्हायोलिनचा गज खाली जात असताना दुसऱ्या व्हायोलिनचा वर जातो आहे असे दृश्य कोणत्याही कंडक्टरला आवडत नाही, पण काही कंडक्टर स्वतः गजाच्या खुणा करून पाठवतात, तर काही हे काम कॉन्सर्टमास्टरवर सोपवतात. दुसऱ्या प्रकारात कॉन्सर्टमास्टरने पहिल्या व्हायोलिनच्या खुणा आधी कराव्यात आणि दुसरे व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांच्या प्रमुखांनी त्या पाहून आपल्या जुळवाव्यात. जुन्या कंडक्टरांच्या काळातील खुणा असलेले पार्ट तसेच पुढे वापरायचे असतील, तर नव्या कंडक्टरांना त्याची एक प्रत पाठवून संमती घ्यावी. जुन्या खुणा खोडून टाकण्याची घाई करू नये. त्या खुणांमध्ये त्या मुलांचे वर्षभराचे काम साठलेले असते.

निरोप आणि स्वागत एकाच दिवशी नको

आपल्याकडे सत्काराची एक ठरलेली चाल आहे : दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मनोगते, आभारप्रदर्शन, अल्पोपाहार. जुन्या कंडक्टरांच्या निरोपासाठी हे सगळे मनापासून करावे. वर्षानुवर्षे रविवार खर्च केलेल्या माणसाला मुलांनी नमस्कार करावा, माजी सदस्यांनी येऊन एखादी कृती त्यांच्याच हाताखाली पुन्हा वाजवावी, आणि कोणाला रडू आले तर येऊ द्यावे. हा कार्यक्रम नव्या कंडक्टरांच्या पहिल्या तालमीपूर्वी काही आठवडे उरकलेला असावा, म्हणजे मुलांना मध्ये श्वास घ्यायला जागा मिळते. दोन्ही एकाच व्यासपीठावर केले की नव्या माणसाची स्थिती अवघडलेल्या पाहुण्यासारखी होते आणि जुन्या माणसाचा निरोपही धड होत नाही.

जुन्या आणि नव्या कंडक्टरांची एक निवांत भेट मात्र घडवून आणावी, आणि त्या भेटीत समितीने बसू नये. कोणत्या मुलीला सर्वांसमोर चूक दाखवलेली सहन होत नाही, कोणत्या मुलाच्या घरी सध्या अडचण आहे, कोणते दोन चेलोवादक नोटेशनच्या एकाच स्टँडमागे बसवले की बडबड करतात, या गोष्टी एका शिक्षकाने दुसऱ्याला सांगायच्या असतात आणि त्या टिपणात लिहायच्या नसतात. पहिले तीन-चार महिने जुन्या कंडक्टरांनी तालमीला येऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ते कितीही शांतपणे मागच्या भिंतीला टेकून बसले तरी मुलांची नजर प्रत्येक थांब्यावर त्यांच्याकडे जाते.

मुलांना काय सांगावे

नवे कंडक्टर येणार ही बातमी मुलांना समितीकडून, एकाच वेळी आणि प्रत्यक्ष कळावी. पालकांच्या व्हॉट्सॲप गटातून ती फुटली की पहिल्या दिवसापासून तर्कवितर्क सुरू होतात. मुलांच्या मनात बहुधा एकच भीती असते आणि ती संगीताविषयी नसते : माझी खुर्ची राहील का? पुढच्या स्टँडवरची जागा मुलांनी मेहनतीने मिळवलेली असते, आणि नवे सर ऑडिशन घेऊन सगळे उलटेपालटे करतील ही धास्ती मोठ्या मुलांना जास्त असते. म्हणून पहिल्या कार्यक्रमापर्यंत आसनव्यवस्था बदलणार नाही, असे कंडक्टरांशी आधी बोलून ठरवावे आणि तसे मुलांना स्पष्ट सांगावे. त्यानंतर ऑडिशन होणार असेल तर तेही लपवू नये.

संबोधनाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो पहिल्या पाच मिनिटांत उभा राहतो. युवा वाद्यवृंदाचे कंडक्टर कधी कधी मुलांपेक्षा फार मोठे नसतात. व्हेनेझुएलात गुस्तावो दुदामेल यांच्याकडे सिमोन बोलिवार युवा वाद्यवृंदाची धुरा १९९९ मध्ये आली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. आपल्याकडे पंचविशीतला कंडक्टर असेल तर लहान मुले ‘सर’ म्हणतात, मोठी मुले ‘दादा’ म्हणू पाहतात, आणि कॉन्सर्टमास्टर त्याच्याच वयाचा असेल तर तो नुसते नाव घेतो. कंडक्टर बाई असतील तर ‘मॅडम’ आणि ‘ताई’ यांच्यात तीच ओढाताण होते. काय म्हणायचे ते कंडक्टरांना विचारून घ्यावे आणि तालमीत सर्वांनी तेच म्हणावे. बाहेर चहाच्या टपरीवर कोणी काय म्हणतो यात समितीने पडू नये.

‘आमचे सर असे करायचे’ हे वाक्य मुलांच्या तोंडून येणारच. त्यावर बंदी घालण्यापेक्षा कॉन्सर्टमास्टर आणि विभागप्रमुख यांना आधी बोलावून समजावावे की असा प्रश्न तालमीत उभ्याने विचारायचा नाही. विश्रांतीत कॉन्सर्टमास्टरमार्फत विचारायचा. ‘येथे पूर्वी आम्ही हे वाक्य एका गजात घेत होतो, तुम्हाला दोन हवेत का?’ असा नेमका प्रश्न कोणत्याही कंडक्टरला उपयोगाचाच वाटतो.

पहिली तालीम

दालन अर्धा तास आधी उघडावे. पावसाळ्यात दमट हवेतून वातानुकूलित दालनात आणलेले व्हायोलिन लगेच स्वरात राहत नाही. लाकूड आणि तारा त्या हवेला रुळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जातात. मुंबईच्या दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट बसतात आणि पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात त्याच खुंट्या सैल होऊन घसरतात, त्यामुळे लहान मुलांची वाद्ये लावून द्यायला एखादा विभागशिक्षक दाराशीच थांबलेला बरा. खुर्च्या आणि स्टँड कंडक्टरांनी सांगितलेल्या रचनेप्रमाणे मांडलेले असावेत. दुसरी व्हायोलिने पहिल्यांच्या शेजारी हवीत की समोरासमोर, यावर कंडक्टरांची मते ठाम असतात आणि चाळीस खुर्च्या ऐन वेळी हलवण्यात वीस मिनिटे सहज जातात. चेलोंच्या पायाखाली चटई किंवा पट्टा, प्रत्येक स्टँडवर टू-बी पेन्सिल आणि खोडरबर, आणि कंडक्टरांच्या चौथऱ्याजवळ पाण्याची बाटली, एवढे पुरेसे आहे. पार्टवर पेनने कोणीही काहीही लिहू नये, हा नियम पुन्हा एकदा सांगावा.

प्रत्येक स्टँडच्या पुढच्या बाजूला, म्हणजे कंडक्टरांना दिसेल अशा रीतीने, दोन्ही वादकांची नावे मोठ्या अक्षरांत लावावीत. कंडक्टर मराठी नसतील तर आठवडाभर आधी प्रत्येक मुलाने आपले नाव स्वतः उच्चारलेले छोटे मुद्रण त्यांना पाठवावे. रोमन लिपीतील ‘ज्ञानेश्वरी’ वाचून कोणाही परक्याची जीभ अडखळते, आणि पहिल्याच दिवशी आपले नाव नीट घेणारा कंडक्टर मुलांना लगेच आपलासा वाटतो.

कंडक्टर दालनात येण्यापूर्वी मुले जागेवर बसून वाद्ये लावून तयार असावीत. कॉन्सर्टमास्टर उभा राहतो, ओबो ए स्वर देतो, आधी सुषिर (फुंकून वाजवायची) वाद्ये आणि मग तंतुवाद्ये तो घेतात. ओबो नसेल तर क्लॅरिनेटऐवजी इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवरून ४४० हर्ट्झचा ए स्वर घ्यावा असे मी सुचवेन, कारण मुलांच्या हातातील क्लॅरिनेट थंड असताना खाली आणि तापल्यावर वर सरकतो. कंडक्टर आत आले की सर्वांनी उभे राहावे. टाळ्यांऐवजी तंतुवादक गजाने स्टँडवर हलकेच टकटक करतात आणि इतर वादक पाय आपटतात, ही वाद्यवृंदाची जुनी रीत मुलांना फार आवडते. फक्त गजाचे टोक आपटू नये, ते नाजूक असते आणि तुटले तर दुरुस्तीला महाग पडते. समितीच्या अध्यक्षांनी ओळख दोन मिनिटांत संपवावी. पुष्पगुच्छ द्यायचाच असेल तर तो एका मुलाने द्यावा आणि लगेच आपल्या जागी जाऊन बसावे. ज्यांचे भाषण लांबते ते गृहस्थ प्रत्येक समितीत असतात. त्यांना त्या दिवशी चहाची व्यवस्था पाहण्याची विनंती करावी.

यानंतरचा वेळ कंडक्टरांचा आहे, तरी तो कसा जावा याविषयी त्यांच्याशी आधी बोलता येते. लगेच नोटेशन उघडण्याऐवजी चार-पाच मिनिटे एखादी साधी सप्तसुरांची चढण लांब स्वरांत वाजवून घ्यावी, आणि कंडक्टरांनी एक शब्दही न बोलता हाताने लय कमी-जास्त करावी, आवाज लहान-मोठा करावा, मध्येच थांबवावे. मुले नव्या हाताची भाषा यातून शिकतात. जुन्या कंडक्टरांच्या हाताखाली मुलांना ठोका पडल्यावर क्षणभराने वाजवायची सवय लागलेली असते किंवा नेमकी ठोक्यावर वाजवायची. नव्या माणसाची अपेक्षा वेगळी असेल तर तो फरक येथेच दोघांच्याही लक्षात येतो आणि कोणाचा दोष आहे असे वाटत नाही. केवळ तंतुवाद्ये असतील तर डी मेजर, म्हणजे डी स्वरापासूनची चढण, सोयीची, कारण डी आणि ए या मोकळ्या (बोट न ठेवता वाजणाऱ्या) तारा आहेत. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट सोबत असतील तर ती टाळावी : बी-फ्लॅटच्या या वाद्यांचा स्वर लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, म्हणून त्यांना तीच चढण ई मेजरमध्ये, चार शार्पसह (चार चढवलेल्या स्वरांसह) वाजवावी लागते, आणि पहिल्याच पाच मिनिटांत नव्या क्लॅरिनेटवादकांची तारांबळ उडते. तेव्हा बी-फ्लॅट मेजर बरी.

पहिल्या दिवसाची कृती निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात : सर्वांना सुरुवातीपासून वाजवायला मिळावे, आणि जुन्या कंडक्टरांच्या गाजलेल्या कार्यक्रमाशी ती जोडलेली नसावी. केवळ तंतुवाद्यांसाठी मोझार्टच्या १७८७ मधील ‘आइन क्लाइने नाख्टम्युझिक’चा पहिला भाग उत्तम, कारण सगळे विभाग एकत्र, एकाच धूनने आणि मोठ्या आवाजात सुरू होतात. गुस्ताव होल्स्ट लंडनमधील सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीतशिक्षक होते आणि तेथील मुलींच्या वाद्यवृंदासाठी त्यांनी लिहिलेला ‘सेंट पॉल्स सूट’ही या वयाला जमतो. याउलट शूबर्टची ‘अनफिनिश्ड’ सिम्फनी कितीही आवडती असली तरी पहिल्या दिवशी नको. ती केवळ चेलो आणि डबल बास यांच्या अगदी हळुवार ओळीने सुरू होते, म्हणजे नवे कंडक्टर पहिली दहा मिनिटे खोलीतल्या सर्वांत लहान विभागाशी झगडत राहतील आणि बाकीचे फोन काढतील.

बेथोवेनच्या पाचव्या सिम्फनीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण समित्यांना पहिल्या कार्यक्रमासाठी हीच हवी असते. तिची सुरुवात सर्वांना पाठ असते आणि म्हणूनच ती फसवी आहे. पहिला बार स्वराने सुरू होतच नाही. आधी एक क्वेव्हरभर (अर्ध्या मात्रेइतक्या आखूड स्वराएवढी) शांतता आहे, मग तीन आखूड स्वर, आणि पुढच्या बारात लांबवलेला स्वर, ज्यावर थांबण्याची खूण आहे. वाजवणारे केवळ तंतुवादक आणि क्लॅरिनेट. त्या शांततेवर कंडक्टरांचा हात पडतो आणि मुलांनी त्यानंतर उडी घ्यायची असते. कोणी कंडक्टर आधी एक रिकामा ठोका देतात, कोणी दोन, कोणी केवळ श्वास घेऊन हात टाकतात. लांबवलेला स्वर सोडून पुढे जाताना कोणी हात पुन्हा उचलतात, तर कोणी सोडण्याच्या हालचालीतच पुढचा ठोका दडवतात. शिवाय दुसऱ्या वेळी लांबवलेला स्वर दोन बारांचा आहे, पहिल्या वेळी एकाच बाराचा. हा करार कंडक्टर आणि वादक यांच्यात पक्का होण्यासाठी काही आठवड्यांचा सहवास लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ही कृती घेतली तर ती त्यांच्यातल्या विश्वासाची चांगली कसोटी ठरते. पहिल्या दिवशी घेतली तर पाच वेळा तीच उडी चुकते, मुले हसू लागतात आणि कंडक्टरांचा चेहरा पडतो.

तालमीतील शिस्तीचे दोन नियम कॉन्सर्टमास्टरने आदल्या आठवड्यात पक्के करून घ्यावेत. कंडक्टरांनी थांबवण्यासाठी हात खाली घेतला की त्याच क्षणी सर्वांनी थांबायचे, उरलेली ओळ संपवायची नाही. आणि कंडक्टरांनी सांगितलेली दुरुस्ती प्रत्येक स्टँडवरील आतल्या बाजूच्या, म्हणजे प्रेक्षकांपासून दूरच्या, वादकाने लगेच पेन्सिलने लिहायची, बाहेरच्याने गज हातात ठेवून तयार राहायचे. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्याच्या लक्षात पुढच्या रविवारी काही राहिलेले नसते.

पालकांनी पहिल्या तालमीला आत बसू नये. दाराच्या काचेतून फोनवर चित्रण करणे हेही आत बसण्यासारखेच आहे. शेवटची पंधरा मिनिटे त्यांना बोलावून मुलांनी एखादा तुकडा वाजवून दाखवला तर सर्वांचे समाधान होते.

पुढील काही महिने

पहिल्या तालमीनंतर कंडक्टर काय म्हणाले आणि मुले काय म्हणाली याचे दळणवळण समितीतील एकाच व्यक्तीमार्फत व्हावे. गटावर ‘नवे सर फार कडक आहेत’ अशी एक ओळ पडली की तिला दहा अंगठे येतात आणि रात्रीपर्यंत तो वाद्यवृंदाचा ठराव होऊन बसतो. तक्रार असलेल्या पालकांनी त्या व्यक्तीला फोन करावा आणि समितीने ती कंडक्टरांपर्यंत नेमक्या शब्दांत, नाव न घेता पोहोचवावी. दोन-तीन मुले पहिल्या महिन्यात सोडून जातील. त्यांतील काही परत येतात. मनधरणी करत त्यांच्या घरी जाऊ नये, पण त्यांची खुर्ची एक कार्यक्रम होईपर्यंत कोणाला देऊही नये.

बालसुरक्षेचे नियम नव्या कंडक्टरांना लेखी द्यावेत, आणि ते त्यांच्यासाठी खास नसून सर्व प्रौढांना लागू आहेत हे सांगावे. कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अल्पवयीन मुलासोबत बंद खोलीत एकट्याने तालीम घेऊ नये, मुलांशी संदेशांची देवाणघेवाण पालक असलेल्या गटातच व्हावी, गजाची पकड दुरुस्त करण्यासाठी हात लावण्यापूर्वी विचारावे. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या, कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे, हे समितीतील सर्वांना माहीत असले पाहिजे. चांगल्या कंडक्टरांना हे नियम जाचक वाटत नाहीत; त्यांनी दुसरीकडे असेच नियम पाळलेले असतात.

पहिला कार्यक्रम लहान ठेवावा : पाऊण तास, मध्यंतर नाही, शाळेचे सभागृह चालेल. कार्यक्रमपत्रिकेवर नव्या कंडक्टरांचे नाव जेवढ्या अक्षरांत असेल तेवढ्याच अक्षरांत प्रत्येक वादकाचे नाव असावे. जुन्या कंडक्टरांना निमंत्रण याच कार्यक्रमाचे द्यावे आणि त्यांना पहिल्या रांगेऐवजी पाचव्या-सहाव्या रांगेत बसवावे. आवाजही तेथे अधिक जुळून ऐकू येतो.

कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात सर्व पार्ट गोळा करून त्यांतील पेन्सिलच्या खुणा न खोडता ते फोल्डरमध्ये परत ठेवावेत, आणि कंडक्टर, कॉन्सर्टमास्टर, विभागशिक्षक यांच्यासोबत बसून ऑडिशन, आसनव्यवस्था आणि पुढील वर्षाच्या कृती ठरवाव्यात. या साऱ्या काळात कोणते टिपण उपयोगी पडले, कोणती माहिती द्यायची राहून गेली, बारांचे क्रमांक लिहायला किती संध्याकाळी लागल्या, याची नोंद एका वहीत करून ती नोटेशनच्याच कपाटात ठेवावी. पुढचा बदल होईल तेव्हा वादकच काय, समितीतील माणसेही दुसरी असतील.